पगार पंधरा तारखेला, भूक पहिल्या दिवसापासून

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. मुलीला शाळेतून प्रकल्प मिळालाय: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेली स्थलांतरित कुटुंबं आणि त्यांचा घरखर्च. घरात दोघांचंही रोज काहीतरी मागणं चालू असतं, पैसा कुठून येतो याचा पत्ता नाही. तेव्हा या प्रकल्पाच्या निमित्तानं मुलांना घरखर्च शिकवता येईल का, आणि बेळगावच्या पोरांना न्यूयॉर्कच्या माणसांचं काय पडलंय, असं त्यांनी विचारलंय. सासरे मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले, हेही त्यांनी लिहिलंय.

ताई, शिकवता येईल, आणि तुमच्या घरात तर फार चांगलं शिकवता येईल. मी २६ वर्षं गणित शिकवलं, आधी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आणि नंतर बेळगावात, दोन्हीकडे मराठी शाळेत. त्यातली पंधरा-सोळा वर्षं मी पाचवी ते सातवीच्या मुलांना घरखर्च शिकवण्यासाठी जुनी स्थलांतरित कुटुंबंच वापरली. त्याला एक कारण घडलं, ते आधी सांगते.

पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं होतं की आपापल्या घरचा महिन्याचा जमाखर्च लिहून आणा. तीस वह्या आल्या. बऱ्याच वह्यांत आकडे सुबक होते, म्हणजे खोटे होते. एका मुलीनं जमेच्या बाजूला काहीच लिहिलं नव्हतं. मी वर्गात विचारलं, ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या फाटकाशी आली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, आमची झाकली मूठ पोरीकडनं कशाला उघडायला लावलासा?" तिचा नवरा आठ महिन्यांपासून घरी पैसे देत नव्हता. मी त्या मुलीची माफी मागितली, पण वर्गात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम आहे: सुरुवात दुसऱ्याच्या घरापासून. ते घर खरं असावं, पण लांबचं असावं. कर्ज, दारू, भाडं थकणं, घरधनी निघून जाणं, हे सगळं मूल न लाजता बोलू शकतं, कारण ते आपलं नाही. आणि बोलता बोलता त्याचं लक्ष आपसूक स्वतःच्या घराकडं जातं, न सांगता. म्हणून शाळेनं न्यूयॉर्क दिलंय याचं वाईट वाटून घेऊ नका. ते लांब आहे हाच त्याचा उपयोग.

न्यूयॉर्कपासूनच धरू. तिथं ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट नावाची एक चाळवजा इमारत आहे, १८६३ साली बांधलेली. आता तिथं संग्रहालय आहे. साधारण सत्तर वर्षांत वीसहून जास्त देशांतली सुमारे ७००० माणसं त्या एका इमारतीत राहून गेली. घर म्हणजे तीन खोल्या, सगळं मिळून ३२५ चौरस फूट. मुलांना हा आकडा नुसता वाचून दाखवू नका. अंगणात किंवा गच्चीवर खडूनं १८ फूट बाय १८ फूट चौकोन आखा, जवळजवळ तेवढंच होतं. त्यात तीन खोल्या पाडा आणि सहा माणसांना झोपवून दाखवा म्हणावं. मग विचारा: आता यात भाड्यानं एक परका माणूस ठेवायचा का?

हा प्रश्न त्या घरांपुढं खरोखर होता. तिथं त्याला बोर्डर म्हणत. तो आठवड्याला ठरलेले पैसे द्यायचा. घरमालकीण त्याला झोपायला जागा, बहुतेक वेळा जेवण आणि धुतलेले कपडे द्यायची. माझ्या वर्गात या एका प्रश्नावर पूर्ण तास जायचा. पोरं आधी एका सुरात "ठेवायचा!" म्हणायची, कारण पैसे येतात. मग एखादी मुलगी हळूच विचारायची, "बाई, त्याचं जेवण कोण करणार?" तिथून खरं गणित सुरू व्हायचं. त्याच्या पैशातून त्याचं धान्य, जळण, साबण वजा केलं तरी आईचे दोन-तीन तास उरतात, ते कुठल्या रकान्यात मांडायचे? ते कुठंच मांडलेले नसतात, हे सातवीच्या मुलांना कळतं. कळल्यावर ती गप्प होतात. त्यांना तसं गप्प राहू द्या.

त्याच इमारतीत एक जर्मन कुटुंब राहत होतं. १८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, आणि १८७४ साली त्या घरातला कर्ता पुरुष एक दिवस बाहेर पडला तो परत आलाच नाही. बायकोनं घरातच शिवणकाम सुरू केलं आणि मुलं वाढवली. ही गोष्ट मी मुलांना जमाखर्चाच्या अंगानं सांगते: एका दिवसात जमेची बाजू शून्य झाली, खर्चाची बाजू तशीच आहे. उद्या सकाळी ती काय करील? लगेच "शिवणकाम" असं उत्तर देऊ नका. मुलांना यादी करू द्या. काय विकेल, कोणाकडं उधार मागेल, भाडेकऱ्याला जागा देईल का, थोरलीला कामाला घालील का. त्यातल्या प्रत्येक उपायाला काय मोल पडतं ते पुढं लिहायला लावा. थोरलीला कामाला घातलं की तिची शाळा सुटते. विकलेलं पुन्हा विकता येत नाही.

आणखी एक प्रसंग मुलींना फार आवडतो. मे १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच भागात ज्यू कुटुंबांना लागणारं कोशर मांस, म्हणजे त्यांच्या धर्माला चालणारं मांस, पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंट झालं. बायकांनी ठरवलं, घ्यायचंच नाही. दुकानांपुढं उभ्या राहिल्या, घरोघर फिरल्या, काहींना अटकही झाली. दोन-तीन आठवड्यांत भाव १४ सेंटवर आला. यात दोन गणितं आहेत: १२ चे १८ म्हणजे शेकडा किती वाढ, आणि १४ वर आलं तरी मूळ भावापेक्षा शेकडा किती जास्तच राहिलं. मुलं दुसरं गणित विसरतात. मोठी माणसंही विसरतात. टोमॅटो ऐंशीवरून साठावर आला की आपण स्वस्त झाला म्हणतो, आधी तो तीस होता हे डोक्यात राहत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली रॉबर्ट चॅपिन या अभ्यासकानं कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा करून छापले. पाच जणांच्या घराला वर्षाला ८०० डॉलर पुरत नाहीत, ९०० च्या पुढं गेलं की साधारण भागतं, असा त्याचा निष्कर्ष. मुलं लगेच ९०० ला १२ नं भागून ७५ काढतात. इथं थांबवा. कपडे शिवण्याच्या धंद्यात हंगाम असायचा. काही महिने रात्रंदिवस काम, काही महिने हात रिकामे. महिन्याला ७५ हा आकडा फक्त कागदावर आहे. वडगाव-खासबागच्या विणकरांच्या पोरांना हे सांगावं लागत नव्हतं. "आमच्यात बी तसंच की ओ बाई, सणाच्या आधी माग थांबत नाही, मागनं गप्प," असं एकानं सांगितलं होतं. सरासरी म्हणजे काय हे मी त्या दिवशी पुस्तक न उघडता शिकवलं.

आता तुमच्या सासऱ्यांकडं येते, कारण माझ्या मते प्रकल्पाचं अर्धं मोल तिथं आहे.

बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यातली माणसं कितीतरी वर्षं मुंबईच्या गिरणीत जात होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं, तेव्हा कागदोपत्री ते परराज्यात जाणंही नव्हतं. पण घर सुटायचंच. आणि न्यूयॉर्कच्या घरांपेक्षा इथं एक गोष्ट वेगळी होती. तिकडं बरीच कुटुंबं पुढंमागं करून एकत्र नेली जायची. आपला गिरणकामगार मात्र बहुधा एकटा जायचा, बायकापोरं आणि म्हातारी माणसं गावात. पगार एक आणि चुली दोन. एक चूल लालबाग-परळच्या खानावळीत, दुसरी गावात. घरखर्च शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

त्यात सगळ्यात आधी मी पगाराच्या तारखेबद्दल सांगते. गिरणीत पूर्वी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला, १०-१५ तारखेच्या सुमारास व्हायचा. म्हणजे एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाच्या हातात पहिला पैसा पडायला साधारण ४५ दिवस. १९३६ च्या वेतन कायद्यानं मोठ्या कारखान्यांना पगार दहा दिवसांच्या आत देण्याचं बंधन घातलं, तरी पहिल्यांदा लागलेल्याला चाळीस दिवस काढायचेच होते.

मी काय करायची ते सांगते, तुम्हीही करा. जुन्या कालनिर्णयची दोन पानं भिंतीला शेजारी शेजारी लावा. पहिल्या पानावर एक तारखेला लाल ठिपका: कामावर लागला. दुसऱ्या पानावर १५ तारखेला हिरवा ठिपका: पगार झाला. मधल्या प्रत्येक चौकोनात मुलानं लिहायचं, आज हा माणूस कुणाच्या जिवावर जेवला. पहिले तीन-चार दिवस गावाहून आणलेली भाकरी, चटणी, पोहे. मग गाववाल्याच्या खोलीत. मग खानावळीत उधारी. मग वाण्याच्या वहीत नाव. मग सावकार. चौकोन भरता भरता मूल स्वतःच विचारतं, "मग पगार झाल्यावर त्याच्याकडं उरलं काय?" माझ्या वर्गातल्या एका पोरानं हिरव्या ठिपक्यापासून मागं बाण काढले होते, खानावळीकडं, वाण्याकडं, सावकाराकडं. शेवटी हिरवा ठिपका बाणांखाली दिसेनासा झाला. त्याला मी शाबासकी दिली आणि ते पान बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

पैसा किती येतो याच्याइतकंच तो केव्हा येतो हे महत्त्वाचं, हे मुलांना या कालनिर्णयच्या पानावर दिसतं. जमाखर्चाच्या दोन रकान्यांत तारीख नसते, म्हणून रकाने मी उशिरा शिकवते.

सावकाराचं व्याज तुमच्या थोरलीसाठी. मुंबईत तेव्हा रुपयाला महिना एक आणा हा सर्रास दर होता. रुपयाचे १६ आणे. १० रुपये घेतले तर महिन्याला १० आणे, वर्षाला १२० आणे, म्हणजे साडेसात रुपये. शेकडा ७५! आणि मुद्दल तसंच उभं. एक आणा ऐकायला किती लहान वाटतो, हे तिला तिच्या हातानं काढू द्या. नंतर फोनवर हप्त्यानं वस्तू घेण्याची जाहिरात आली की तीच वर्षाचा दर काढून बघेल. मुलांना दशमान पैशांची सवय आहे. आणे-पै १ एप्रिल १९५७ पासून गेले, हेही तिला सांगा, नाहीतर आजीच्या बोलण्यातले चार आणे, आठ आणे तिला लागणार नाहीत.

धाकट्यासाठी चिंचोके. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली, ती १९२३ साली छापली. शंभरातले साधारण ५७ खाण्यावर, ८ घरभाड्यावर, ७ जळण आणि दिवाबत्तीवर, १० कपड्यांवर, उरलेले १८ किरकोळ. शंभर चिंचोके मोजून पाच वाट्यांत घालायला लावा. खाण्याची वाटी भरून सांडते. मग विचारा, आजारपण आलं तर चिंचोके कुठल्या वाटीतून काढायचे? मुलं आधी कपड्यांची वाटी उपसतात, ती लगेच संपते. भाड्याला हात लावता येत नाही, मालक घालवून देईल. शेवटी हात खाण्याच्या वाटीकडं जातो. त्या पाहणीत जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात आढळली. का, ते नऊ वर्षांच्या मुलाला वाटीत दिसतं. "किरकोळ" या वाटीत व्याज, औषध, गावाला जाण्यायेण्याचं भाडं असं सगळं होतं, तेव्हा ती उधळपट्टीची वाटी नव्हे, हे आठवणीनं सांगा.

या चिंचोक्यांच्या खेळात मोठी माणसं एक चूक करतात. "बघ, ती माणसं किती थोडक्यात राहत होती, नाहीतर तू!" हे वाक्य तोंडातून काढू नका. मूल त्या क्षणी कान बंद करतं. आणि ते खरंही नाही. ती माणसं हौसही करत होती. गणपतीला गावी येताना पोरांना खाऊ, बायकोला लुगडं, यासाठी कर्ज काढणारे होते. ते चुकलं की बरोबर, यावर मुलांना भांडू द्या. मी स्वतः लुगड्याच्या बाजूची आहे. वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसानं रिकाम्या हातानं यावं असा जमाखर्च मला पटत नाही.

खानावळीच्या बायकांबद्दल थोडं. बोर्डर ठेवणारी न्यूयॉर्कची बाई आणि वीस-पंचवीस कामगारांना जेवू घालणारी गिरणगावातली बाई, दोघी एकच धंदा करत होत्या. पैसा महिन्यानं यायचा आणि धान्य आज आणायचं, म्हणून या बायकाही सावकाराच्या हाती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. थोरलीनं दोघींची माहिती एका पानावर शेजारी शेजारी मांडली तर प्रकल्पाला वजन येईल.

आता स्वतःच्या घरी कधी यायचं? माझ्या अनुभवात तीन-चार आठवड्यांनी मूल स्वतःच विचारतं, "आपलं भाडं किती?" किंवा "बाबांचा पगार किती तारखेला होतो?" तोपर्यंत थांबा. विचारलं की खरं सांगा, जेवढं सांगायचं तेवढंच, पण खोटा आकडा नको. थोरलीला तुमचा पूर्ण महिना दाखवायला हरकत नाही: पगार, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० खात्यावर आले असतील तर तेही, सोसायटीचा म्हणजे पतसंस्थेचा हप्ता, रेशन, वीज. "हे घरातलं, बाहेर बोलायचं नाही" एवढं सांगितलं की तेरा वर्षांचं मूल पाळतं.

धाकट्याला एक खर्च पूर्ण सोपवा. शनिवारच्या बाजाराची भाजी, २०० रुपये, पिशवी आणि तो. तुम्ही बरोबर जा पण बोलू नका. पहिल्या शनिवारी तो मक्याची कणसं आणि पेरू घेऊन येईल, आणि आठवडाभर तुम्हाला डाळीवर भागवावं लागेल. भागवा. बुधवारी गुपचूप भाजी आणून ठेवलीत तर शिकवलेलं सगळं पाण्यात. तिसऱ्या शनिवारी तो रताळ्याचा भाव तीन ठिकाणी विचारील.

थोरलीला दोन मोजमापं द्या. सिलिंडर लावला की तारीख कालनिर्णयवर, संपला की तारीख, १४.२ किलो किती दिवस पुरला, आणि पाहुणे होते त्या महिन्यात किती कमी. दुसरं, मोबाइलचं रिचार्ज. २८ दिवसांचं असेल तर वर्षात १२ वेळा की १३ वेळा? न्यूयॉर्कच्या त्या चाळींत गॅसचा मीटर असा होता की पाव डॉलरचं नाणं टाकलं की तेवढ्यापुरता गॅस यायचा, संपला की चूल बंद. पोरांना ते नवल वाटतं, आणि मग आपला फोन दिसतो. गरीब घरं तिकडं कोळसा बादलीनं घ्यायची, आणि बादलीचा कोळसा गाडीभर घेण्यापेक्षा महाग पडायचा. एकदम घ्यायला पैसे नाहीत आणि ठेवायला जागा नाही. आपल्याकडं हे सरसकट गृहीत धरू नका मात्र. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मिलिलिटरला किती, हे तिलाच दुकानात उभं राहून काढू द्या.

शिल्लक टाकण्याची सवय लावायची तर खाऊच्या डब्यापेक्षा आपली पिग्मी बरी. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं दारोदार फिरून रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, ती पद्धत आज बेळगावच्या गल्लीगल्लीत सोसायट्या चालवतात. दुपारी येणाऱ्या पिग्मीवाल्याला मुलानं स्वतः दहा रुपये द्यावेत आणि पावती घ्यावी. माणूस दारात उभा असला की टाळता येत नाही. सोसायटी कुठली निवडायची ते मात्र तुम्ही नीट चौकशी करून ठरवा, ते मुलांवर सोडू नका.

आणि प्रकल्पाची शेवटची दोन पानं आजीसाठी मोकळी ठेवायला सांगा. गिरणीतून मनीऑर्डर यायची तिच्या फॉर्मच्या तळाला चार ओळी लिहायला जागा असायची. कुठल्या पैशाचं काय करायचं ते तिथंच लिहिलेलं असायचं: इतके दुकानदाराला, इतके बियाण्याला, इतके आईच्या औषधाला. टपाल खात्यानं ती जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद केली. पेटीच्या तळाशी एखादं कुपन असेल तर त्याचा फोटो चिकटवा. नसेल तर थोरलीनं आजीजवळ बसून एवढंच विचारावं: पोस्टमन किती तारखेला यायचा, यायला उशीर झाला तर कुणाकडं जायचीस, आणि आल्यावर सगळ्यात आधी कुणाचे द्यायचीस. आजी सांगेल तसं, तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. शुद्धलेखन नंतर बघता येईल.